फोटो मोठा करायचाय? आधी पिक्सेल मोजा

फोनवर झकास दिसणारा फोटो भिंतीवर लावण्याएवढा छापून आणला की बरेचदा निराशा पदरी येते. चेहरा गुळगुळीत, केसांच्या जागी डाग, तिरक्या रेषांना दाते. यात नवल काही नाही. पुष्कळ फोनचा पडदा १०८० पिक्सेल, म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठिपके, रुंद असतो आणि तेवढ्याच रुंदीचा फोटो त्यावर अगदी रेखीव दिसतो. तोच फोटो दोन फूट रुंद छापला की प्रत्येक इंचाच्या वाट्याला ४५ पिक्सेल येतात. हातभर अंतरावरून ते डोळ्यांना खटकणारच.

पहिल्यांदाच मोठी प्रिंट काढणाऱ्यांसाठी हा सगळा प्रवास इथे पायरीपायरीने मांडला आहे. फोटो मोठा करून देणाऱ्या सॉफ्टवेअरचा नंबर यात बराच उशिरा लागतो, कारण तोपर्यंत निम्म्याहून अधिक निकाल लागलेला असतो.

पायरी १: मूळ फाइल शोधा

सगळ्यात जास्त फायदा याच पायरीत आहे आणि ती फुकट आहे. तुमच्या हातात असलेला फोटो कॅमेऱ्यातून निघालेलाच आहे का, की वाटेत कुठे तरी बारीक झालेला आहे?

व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. 'एचडी' निवडून पाठवला तर परिस्थिती सुधारते, पण मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फेसबुकवरून उतरवलेला फोटो लांब बाजूला सहसा २०४८ पिक्सेलपर्यंतच मिळतो. स्क्रीनशॉट तर तुमच्या पडद्याहून मोठा असूच शकत नाही. आयफोनवर जागा वाचवण्याची सोय चालू असेल तर फोनमध्ये फक्त छोटी प्रत असते आणि मूळ फोटो आयक्लाउडवर असतो. गूगल फोटोजच्या 'स्टोरेज सेव्हर'मध्ये १६ मेगापिक्सेलपेक्षा (१ मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल) मोठे फोटो १६ वर आणले जातात. फोनच्या फोटोंना याची सहसा झळ लागत नाही, मोठ्या कॅमेऱ्याच्या फोटोंना लागते.

म्हणून ज्याने फोटो काढला त्याच्याकडे चौकशी करा, जुनं मेमरी कार्ड, जुना लॅपटॉप उपसा. दोन तास शोधून मिळालेली मूळ फाइल कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरला हरवते.

मिळालेली फाइल किती पिक्सेलची आहे ते बघायला वेगळं काही लागत नाही. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि तिथे 'डिटेल्स' उघडा. फोनवर गॅलरीत फोटो वर सरकवला की बहुतेक ठिकाणी माहिती दिसते. ४००० × ३००० असे दोन आकडे मिळतील, ते लिहून ठेवा. फाइल किती एमबीची आहे यावर मात्र विसंबू नका. मोकळ्या आकाशाचा फोटो दोन एमबीत बसतो आणि तेवढ्याच पिक्सेलचा दाट झाडीचा फोटो आठ एमबी घेतो, कारण जेपेगला, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइल-प्रकाराला, एकसारखा भाग दाबून बसवणं सोपं जातं.

फाइल मिळाली की तिची एक प्रत करा आणि मूळ फाइलला पुन्हा हात लावू नका.

पायरी २: पिक्सेलचे इंच करा

हिशोब शाळकरी आहे. एका बाजूचे पिक्सेल भागिले दर इंचाला हवे असलेले पिक्सेल, म्हणजे त्या बाजूचे इंच. दर इंचाला किती पिक्सेल या मापाला पीपीआय म्हणतात.

४००० × ३००० पिक्सेलचा, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा फोटो घ्या. ३०० पीपीआयला तो सुमारे १३ × १० इंच होतो. २०० ला २० × १५ इंच, १५० ला जवळपास २७ × २० इंच आणि १०० ला ४० × ३० इंच. चारही वेळा फाइल तीच आहे, एकही पिक्सेल वाढलेला नाही. मोजकी माणसं लहान अंगणात उभी केली काय आणि मोठ्या मैदानावर पांगवली काय, डोकी तेवढीच राहतात. फक्त दोघांमधलं अंतर बदलतं.

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो तो इथेच. फाइलच्या माहितीत '७२ डीपीआय' (इथे अर्थ पीपीआयच) दिसलं की 'रिझोल्यूशन कमी आहे' म्हणून लोक हादरतात. हा आकडा म्हणजे फाइलला चिकटवलेली एक चिठ्ठी आहे, बाकी काही नाही. ६००० × ४००० पिक्सेलच्या फाइलवर ७२ लिहिलेलं असो वा ३००, चित्र तंतोतंत सारखंच असतं. खात्री करायची असेल तर फोटोशॉपमध्ये 'इमेज साइझ' उघडून 'रिसॅम्पल'वरची, म्हणजे पिक्सेलची संख्या बदलणाऱ्या पर्यायावरची, खूण काढा आणि ७२ च्या जागी ३०० लिहा. इंच बदलतील, पिक्सेल जागचे हलणार नाहीत. गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच काम 'प्रिंट साइझ'मधून होतं.

त्यामुळे '३०० डीपीआयची फाइल पाठवा' एवढीच सूचना आली तर ती अर्धवट आहे असं समजा. किती इंचांवर ३००? १२ × १८ इंचांची प्रिंट असेल तर ३६०० × ५४०० पिक्सेल लागतील. ए४ असेल तर २४८० × ३५०८. इंच कळल्याशिवाय त्या ३०० ला काही अर्थ नाही.

बोलण्यात पीपीआय आणि डीपीआय सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्याने फारसं बिघडत नाही. फक्त प्रिंटरच्या खोक्यावर लिहिलेले १४४० किंवा २४०० डीपीआय म्हणजे शाईचे ठिपके. एका पिक्सेलचा रंग उमटवायला प्रिंटरला असे अनेक ठिपके लागतात. तो आकडा बघून फाइल २४०० पीपीआयची करायला जाऊ नका.

पायरी ३: बघणारा किती लांब उभा राहणार?

३०० हा काही शिलालेख नाही. हातात धरून, म्हणजे फूटभर अंतरावरून बघायच्या प्रिंटसाठी तो आकडा आला. चांगल्या नजरेच्या माणसाला साधारण एक कलेइतक्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातला तपशील वेगळा ओळखता येतो. त्यावरून एक सोपं सूत्र निघतं: ३४३८ ला बघण्याच्या अंतराने भागा, अंतर इंचात. १२ इंचांवर उत्तर येतं २८६ च्या आसपास, म्हणजे आपले ३००. दोन फुटांवर १४३. तीन फुटांवर ९५. दहा फुटांवर २९ पुरतात.

दुरून बघायचे फलक आणि बॅनर इतक्या कमी पिक्सेलवर निभावतात ते याच कारणाने. पण सूत्र जसंच्या तसं वापरू नका. माणसाला फोटो आवडला की तो जवळ जाऊन बघतो, चेहऱ्यांच्या घोळक्यात स्वतःला शोधत असेल तर नाक टेकेपर्यंत जातो. म्हणून मी थोडी सूट ठेवतो: अल्बम आणि हातात धरायच्या प्रिंटला २५० ते ३००, भिंतीवरच्या फ्रेमला १५० ते २००, कॅनव्हासला १२० सुद्धा चालतं, कारण त्याचं विणकामच बारीक तपशील गिळतं. फोटोवर बारीक अक्षरं असतील तर मात्र ३०० च्या खाली उतरू नका.

विषयावरही बरंच अवलंबून आहे. धुक्यातला डोंगर ८० पीपीआयला सुंदर दिसेल. विटांची भिंत, गवत, दाढीचे केस तेवढ्यावर लगेच उघडे पडतात.

मेगापिक्सेलच्या जाहिरातींबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो. प्रिंटची लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट करायची तर पिक्सेल चौपट लागतात. १२ मेगापिक्सेलवरून १६ वर गेलात तर प्रत्येक बाजू जेमतेम १५ टक्क्यांनी वाढते. शिवाय फोनवर लिहिलेले ५०, १०८ किंवा २०० मेगापिक्सेल नेहमीच्या फोटोत उतरत नाहीत. शेजारशेजारचे चार, नऊ किंवा सोळा पिक्सेल एकत्र करून फोन बहुतेक वेळा १२ मेगापिक्सेलच्या घरातलीच फाइल बनवतो. पूर्ण मेगापिक्सेलचा पर्याय वेगळा निवडावा लागतो आणि त्याचा फायदा भरपूर उजेडातच दिसतो.

पायरी ४: शंभर टक्क्यांवर उघडून बघा

पिक्सेल पुरेसे असणं आणि त्यांत तपशील असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो संगणकावर १०० टक्के झूम करून बघा आणि सावकाश सगळीकडे फिरवा. डोळ्यांच्या पापण्या सुट्या दिसतात का? फोकस नाकावर आहे की मागच्या पडद्यावर? कॅमेरा हलला असेल तर दिव्यांचे ठिपके एका दिशेला ओढल्यासारखे दिसतात. अंधारात काढलेला असेल तर रंगीत कण दिसतील किंवा फोनने ते पुसताना चेहऱ्याचं मेण केलेलं असेल. डिजिटल झूम वापरलेला असेल तर फोटो आधीच एकदा मोठा केलेला आहे.

हललेला फोटो २४ मेगापिक्सेलचा असला तरी त्यातून सहाचंच काम होईल. अशा वेळी प्रिंटचा आकार कमी करणं हा सगळ्यात शहाणा उपाय असतो, पण तो कुणाला आवडत नाही.

पायरी ५: आकाराचं प्रमाण जुळवा

फोन ४:३ प्रमाणात फोटो काढतात, बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेरे ३:२ मध्ये. ८ × १० इंचांची प्रिंट ५:४ असते. प्रमाण जुळत नसेल तर काही तरी कापावंच लागतं. ६००० × ४००० च्या फोटोतून ८ × १० साठी ५००० × ४००० उरतात, म्हणजे बाजूचा माणूस अर्धा जाऊ शकतो. हा निर्णय तुम्ही घ्या, यंत्रावर सोडू नका. आणि फोटो ओढून-ताणून चौकटीत बसवू नका, रुंद झालेला चेहरा कुणालाही कळतो.

लाकडी चौकटीवर ताणलेला कॅनव्हास हवा असेल तर कडेवरून मागे वळणारा भाग वेगळा धरावा लागतो. किती, ते छापणाऱ्याला आधी विचारा. कापलेल्या भागाचे पिक्सेलही गेले, त्यामुळे दुसऱ्या पायरीतला हिशोब क्रॉप केल्यानंतर पुन्हा करा.

पायरी ६: फाइलचा प्रकार

जेपेगला नावं ठेवायची पद्धत आहे, पण शेवटची प्रिंट काढायला चांगल्या दर्जाचं जेपेग उत्तम चालतं. त्याचा स्वभाव तेवढा ओळखून घ्यावा. १९९२ सालचं हे मानक चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे फेकून देतं. दर्जा कमी ठेवला की हे चौकोन दिसायला लागतात, कडांभोवती माशा घोंघावल्यासारखे बारीक डाग उमटतात आणि फोटो मोठा केला की तेही मोठे होतात. फाइल नुसती उघडल्याने किंवा कॉपी केल्याने काही बिघडत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केलं की दर वेळी थोडं जातं.

म्हणून काम चालू असेपर्यंत फाइल काही न गमावता साठवणाऱ्या टिफमध्ये किंवा तुमच्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात, म्हणजे फोटोशॉपच्या पीएसडीत किंवा गिंपच्या एक्ससीएफमध्ये ठेवा, आणि अगदी शेवटी एकदाच जेपेग काढा. दर्जा ९० च्या वर. टिफ जड असतं हे खरं. २४ मेगापिक्सेलची न दाबलेली ८ बिटची (प्रत्येक रंगाला ८ बिट) फाइल ७२ एमबी होते, १६ बिटची १४४. आणि जेपेग टिफमध्ये बदललं म्हणून गेलेला तपशील परत येत नाही. पुढचं नुकसान तेवढं थांबतं.

कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल असेल तर तिच्यापासूनच सुरुवात करा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. संध्याकाळचं आकाश उजळवलं की जेपेगमध्ये त्याचे पट्टे पडतात, रॉमध्ये सहसा पडत नाहीत. रॉ थेट छापायला देता येत नाही, आधी टिफ किंवा जेपेग बनवावं लागतं.

आयफोनवर २०१७ पासून, आयओएस ११ आल्यावर, हाइक (HEIC) प्रकारची फाइल बनू लागली. दर्जाला ती चांगली, पण सगळेच छापणारे ती घेत नाहीत. त्यांना लागत असेल तर पूर्ण पिक्सेल ठेवून एकदाच जेपेग करा. पीएनजी काही न गमावता साठवतं, स्क्रीनशॉट आणि अक्षरं असलेल्या चित्रांना बरं, फोटोला उगाच जड. वेबपी वेबसाइटसाठी. फोटोवर बोधचिन्ह टाकायचं असेल तर त्याची एसव्हीजी किंवा पीडीएफ मधली व्हेक्टर, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषा आणि आकारांनी बनलेली फाइल मागा. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही.

पायरी ७: आता मोठा करा

आधी हिशोब. समजा ४० × ३० इंचांची प्रिंट १५० पीपीआयला हवी आहे. ६००० × ४५०० पिक्सेल लागतील. आपल्याकडे ४००० × ३००० आहेत. प्रत्येक बाजू दीडपट करायची आहे, एवढं काम घाबरण्यासारखं नाही. आकडा चौपटीच्या पुढे जायला लागला तर तिसऱ्या पायरीकडे परत जा आणि पीपीआय किंवा इंच कमी करा.

क्रम असा ठेवा: रंगीत कण आणि जेपेगचे डाग आधी साफ करा, मग रंग आणि उजेड, मग क्रॉप, मग मोठं करणं, आणि धार (शार्पनिंग) सगळ्यात शेवटी. धार आधी लावली तर तिच्या पांढऱ्या कडाही मोठ्या होतात.

फोटोशॉपमध्ये 'इमेज साइझ'मध्ये आता 'रिसॅम्पल' चालू करा आणि यादीतून 'प्रिझर्व्ह डिटेल्स २.०' निवडा. गिंपमध्ये 'स्केल इमेज'मध्ये 'क्युबिक', 'नोहेलो' किंवा 'लोहेलो' करून बघा. दोनही बाजूंची साखळी जोडलेली असू द्या. दर वेळी दहा-दहा टक्के वाढवत नेण्याचा जुना सल्ला अजून फिरतो, त्याची आता गरज नाही, एका दमात करा. या पद्धती शेजारच्या पिक्सेलवरून मधल्या पिक्सेलचा रंग काढतात. त्यात नवीन तपशील येत नाही, दाते मात्र जातात. दुपटीपर्यंत हे साधं गणित पुरतं.

त्यापुढे एआयची साधनं कामाला येतात. अडोबीने २०२१ मध्ये आणलेलं 'सुपर रिझोल्यूशन' दोन्ही बाजू दुप्पट करतं आणि रॉ फाइलवर ते विशेष खुलतं. 'अपस्केल' (Upscayl) हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर संगणकावरच चालतं, फोटो कुठे चढवावा लागत नाही. दगड, पानं, इमारती यांवर ही साधनं थक्क करणारं काम करतात.

चेहऱ्यांच्या बाबतीत मात्र मी त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवत नाही. एआय तपशील शोधून काढत नाही, असंख्य फोटोंवरून शिकलेलं काही तरी तिथे बसवतं. मागच्या रांगेतल्या चेहऱ्याला भलतेच दात येतात, पाटीवरची अक्षरं कुठल्याच लिपीतली राहत नाहीत. जुन्या फोटोतल्या आजीचा चेहरा रेखीव होतो आणि ती आजी राहत नाही. तिला ओळखणारं माणूस जवळ बसवून दोन्ही प्रती शेजारी ठेवून बघा. एक तोडगाही आहे: साध्या पद्धतीने आणि एआयने मोठ्या केलेल्या दोन प्रती एकावर एक लेयर (थर) करून ठेवा, एआयची वर, तिची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्क्यांच्या आसपास आणा आणि चेहऱ्यावरून ती मास्कने, म्हणजे निवडलेला भाग झाकणाऱ्या सोयीने, पुसून टाका.

मोठ्या केलेल्या फोटोवर अगदी हलके, एकसारखे कण पेरले तर गुळगुळीतपणा झाकला जातो. ही युक्ती खोटेपणाची वाटेल, पण छापल्यावर डोळ्यांना बरी वाटते. धार लावताना फोटो ५० टक्के झूमवर ठेवून बघा. मॅट कागद आणि कॅनव्हास शाई पसरवतात, म्हणून त्यांना पडद्यावर किंचित जास्त वाटेल इतकी धार लागते. चकचकीत कागदाला कमी.

पायरी ८: तुकडा छापून बघा

तयार मोठ्या फाइलमधून चेहऱ्याचा किंवा सगळ्यात बारीक तपशीलाचा एक तुकडा कापा. १५० पीपीआयच्या फाइलमधला ६ × ४ इंचांचा तुकडा म्हणजे ९०० × ६०० पिक्सेल. तो लहान प्रिंट म्हणून छापून घ्या, भिंतीवर लावा आणि नेहमीच्या अंतरावरून बघा. मोठ्या प्रिंटमध्ये तो भाग असाच दिसणार आहे. कागद मात्र तोच हवा, आणि छापताना आपोआप होणारी रंगदुरुस्ती बंद करायला सांगा.

रंगांचं म्हणाल तर फाइल एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवा. छापणाऱ्याने स्वतःहून मागितल्याशिवाय ती सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत करू नका, त्याच्या यंत्राला काय लागतं ते तुमच्या सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं.

फाइल पाठवताना पहिल्या पायरीतली चूक शेवटच्या क्षणी होऊ देऊ नका. चॅटमध्ये फोटो म्हणून टाकू नका. डॉक्युमेंट म्हणून, ड्राइव्हच्या लिंकने किंवा झिप करून पाठवा. फाइलच्या नावातच माप लिहा, म्हणजे '४०इंच-३०इंच-१५०पीपीआय' असं. पोहोचल्यावर छापणाऱ्याला त्याच्या संगणकावर पिक्सेल किती दिसतात ते विचारा. तो ६००० × ४५०० म्हणाला तर छापायला हरकत नाही. १६०० × १२०० म्हणाला तर फाइल वाटेत आकसली आहे, पुन्हा पाठवा.